जोंधळ्याची भाकरी आणि पेलाग्रा

दख्खनच्या पठारावर जो वाढला, त्याला जोंधळ्याची महती सांगावयास नको. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, तिकडे विजयपूर व कलबुर्गी आणि खाली महबूबनगरपर्यंतचा सारा मुलूख पिढ्यानुपिढ्या भाकरीवर पोसला आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्याचे तीन भाग तीन राज्यांत गेले. भाकरीने मात्र ही सीमा कधी मानली नाही. मराठवाड्यातील भाकरी, कानडी मुलखातील रोट्टी आणि तेलंगणातील जोन्न रोट्टे ही एकाच तव्यावरची भावंडे होत. थंडीतला हुरडा, उन्हाळ्यातली आंबील, आजाऱ्याला द्यावयाच्या कण्या, सारे काही या एका धान्याचे.

अशा या अन्नावर विसाव्या शतकाच्या मध्यास एका रोगाचा आरोप आला. आरोप करणारे कोणी दूरदेशीचे पंडित नव्हते. हैदराबादेतच रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या आणि त्याच जोडीला प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्याच वैद्यांनी तो केला. हा आरोप कितपत शाबीत झाला, त्यावर पुढे काय वाद झाला आणि रोगाचे अखेर काय झाले, ही हकीकत आहारशास्त्राच्या इतिहासात फार उद्बोधक आहे. ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठेचे दिवस आले असताना तर ती अवश्य ऐकावी अशी आहे.

या रोगाचे नाव पेलाग्रा. त्याचा रुग्ण एकदा पाहिला की सहसा विसरत नाही. उन्हाला उघडी पडणारी जेवढी त्वचा, तेवढीच काळवंडते, खरबरीत होते, तिला भेगा पडतात. हाताच्या पाठीवर मनगटापर्यंत जणू काळे हातमोजे चढवावेत, पायांवर मोजे ओढावेत आणि गळ्याभोवती माळ घालावी, असे ते डाग दोन्ही अंगांना सारखेच उमटतात. जीभ लालभडक होते, तोंड येते, घास गिळवत नाही. जुलाब सुरू होतात. याहून दारुण प्रकार मनाचा. प्रथम झोप उडते, मग चिडचिड, उदासीनता, विस्मृती आणि शेवटी पुरता बुद्धिभ्रंश. उपचार न मिळाल्यास रुग्ण दगावतो. एकोणिसाव्या शतकात इटलीतील वेड्यांची इस्पितळे अशा रुग्णांनी भरलेली असत. ज्यांना खरोखर केवळ चांगले अन्न हवे होते, अशी हजारो गरीब माणसे वेडी म्हणून गजाआड मेली, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन स्पेनमधील आस्तुरियास प्रांतातील गास्पार कासाल या वैद्याने १७३५ च्या सुमारास केले. गळ्याभोवतीच्या त्या डागांना वैद्यकात अजूनही कासालची माळ असेच म्हणतात. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोली याने शेतकऱ्यांच्या बोलीतला शब्द उचलून रोगाला पेलाग्रा हे नाव रूढ केले. त्याचा अर्थ खरबरीत कातडी. जेथे जेथे गरिबांच्या ताटात मका आला, तेथे तेथे हा रोगही मागोमाग आला, हे युरोपच्या वैद्यांनी लवकरच हेरले. पण मक्यात काही विष आहे, की बुरशी लागलेला मका बाधतो, की हा संसर्गजन्य रोग आहे, याचा निकाल शंभर-दीडशे वर्षे लागला नाही.

तो निकाल लावण्याचे श्रेय अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांचे. अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने विसाव्या शतकाच्या आरंभी कहर मांडला होता. १९१४ मध्ये गोल्डबर्गर यांची त्या कामावर नेमणूक झाली. अनाथालयांतून व वेड्यांच्या इस्पितळांतून हिंडताना त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. तेथे राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना तो होत नाही. संसर्गजन्य रोग असा भेद कसा करील? त्यांनी दोन अनाथालयांत मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस व शेंगवर्गीय धान्ये वाढवली आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला. १९१५ मध्ये मिसिसिपी राज्यातील एका तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ करण्याच्या अटीवर, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना मका, तांदूळ, साखर असा निकृष्ट आहार देऊन त्यांनी सहाजणांत रोगाची लक्षणे उत्पन्न केली. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसला नसता, हे उघड आहे. एवढ्यानेही विरोधकांचे समाधान होईना, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि त्यांच्या त्वचेचे खपले व मलमूत्र पिठात मिसळून गिळले. त्यांच्या पत्नीनेही रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. अन्नातील तो रोगप्रतिबंधक घटक नेमका कोणता, हे त्यांना समजले नाही. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉन्राड एल्व्हेम यांनी कुत्र्यांना होणारा काळ्या जिभेचा रोग, जो पेलाग्राचाच भाऊ, तो निकोटिनिक आम्लाने बरा करून दाखविला. गंमत अशी की हे आम्ल रसायनशास्त्रज्ञांनी तंबाखूतील निकोटिनपासून एकोणिसाव्या शतकातच तयार केलेले होते. ते कपाटात पडून होते आणि बाहेर माणसे मरत होती. लोकांचा तंबाखूशी घोटाळा होऊ नये म्हणून पुढे त्याला नायासिन हे दुसरे नाव मिळाले. ब-वर्गीय जीवनसत्त्वांपैकी हे एक. प्रौढ माणसाला दिवसाकाठी त्याचे चौदा ते सोळा मिलिग्रॅम पुरतात.

तरी एक कोडे उरलेच. दुधात नायासिन अगदी थोडे असते. मग गोल्डबर्गरच्या अनाथ मुलांना दुधाने गुण कसा आला? याचे उत्तर १९४५ च्या सुमारास मिळाले. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी ट्रिप्टोफॅन या एकापासून आपले शरीर स्वतःच नायासिन तयार करते. ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून सुमारे १ मिलिग्रॅम नायासिन, असा हिशेब आहे. दुधात नायासिन नसले तरी त्याचा कच्चा माल भरपूर आहे. मक्याचे दुहेरी दैन्य आता स्पष्ट झाले. त्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि जे नायासिन आहे ते इतर द्रव्यांशी बांधलेले, म्हणून पोटात जाऊनही अंगी न लागणारे. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. चुन्याने ते बांधलेले नायासिन मोकळे होते, म्हणून मका त्यांचे मुख्य अन्न असूनही त्यांच्यात हा रोग क्वचितच दिसे. युरोपने मका नेला, पण त्याची पाकक्रिया तेथेच ठेवली. परक्या देशाचे धान्य आणताना त्या देशाच्या गृहिणीला चार प्रश्न विचारावेत, हे त्या दर्यावर्दी लोकांना सुचले नाही.

आता आपण हैदराबादेकडे वळू. १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी एका खोलीत आहारविषयक संशोधनाला आरंभ केला होता. त्यातूनच वाढलेली संशोधनशाळा १९५८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी आली. १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. येथे डॉ. कोलथूर गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया या दोघांच्या नजरेस एक चमत्कारिक गोष्ट आली. येथील रुग्णालयांत पेलाग्राचे रुग्ण येत होते. पण हे लोक मका खाणारे नव्हते. ते बहुतेक शेतमजूर व कष्टकरी, आणि त्यांचे मुख्य अन्न ज्वारी होते.

यात चमत्कारिक ते काय, असे कोणी विचारील. गरिबी तीच, एकसुरी आहार तोच. परंतु शास्त्रज्ञाच्या दृष्टीने येथेच अडचण होती. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. नायासिनही, त्या काळच्या मोजणीप्रमाणे, भात खाणाऱ्यांच्या ताटातील नायासिनाहून कमी भरत नव्हते. भातावर जगणारा तितकाच दरिद्री मजूर पेलाग्राने आजारी पडत नाही आणि भाकरीवाला पडतो, हे कसे? उणीव शोधण्याची ज्यांना सवय लागलेली आहे, त्यांचे तर्क येथे खुंटतात. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी प्रश्न उलटा केला. भाकरीत काही कमी नसेल, तर काही जास्त तर नाही ना?

जास्त होते ते ल्यूसीन. हेही एक अमिनो आम्लच, शरीराला अत्यावश्यक, एरवी निरुपद्रवी. तांदळाच्या प्रथिनांत त्याचे प्रमाण शेकडा आठच्या आसपास असते. ज्वारीच्या प्रथिनांत ते बारा-तेराच्या घरात जाते, आणि मक्यातही ते असेच चढे आहे. ज्याच्या पोटात दिवसाला अर्धा किलो ज्वारी जाते आणि तिच्याबरोबर मिरची-मिठापलीकडे फारसे काही नसते, त्याच्या शरीरात जाणारे बहुतेक सर्व प्रथिन या एकाच घडणीचे. मका आणि ज्वारी या दोन्ही धान्यांना जोडणारा हा धागा त्यांनी पकडला, आणि १९६० मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात तो जगापुढे मांडला.

तर्क सुचणे निराळे आणि तो तपासणे निराळे. माणसांना ल्यूसीन देऊन लघवीची तपासणी केली, तेव्हा नायासिनापासून उत्पन्न होणारी द्रव्ये नेहमीपेक्षा अधिक बाहेर टाकली जाताना दिसली. म्हणजे नायासिनाच्या व्यवहारात ल्यूसीन ढवळाढवळ करते, असे अनुमान निघाले. भवानी बेळवाडी व इतर सहकाऱ्यांसह गोपालन यांनी कुत्र्यांच्या आहारात ल्यूसीन वाढवून काळ्या जिभेचा रोग उत्पन्न केल्याचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्वारीच्या ज्या वाणांत ल्यूसीन कमी, ते खाणारे कुत्रे निरोगी राहिले आणि ज्यांत अधिक, ते खाणारे आजारी पडले, असेही आढळले. पुढे १९७१ मध्ये कमला कृष्णस्वामी व गोपालन यांनी आयसोल्यूसीन हे ल्यूसीनचे भावंड रुग्णांना देऊन पाहिले. त्याने रुग्णांच्या त्वचेत तर सुधारणा झालीच, पण त्यांच्या मेंदूच्या विद्युत्‌-आलेखातही पालट दिसला. एकाच्या अतिरेकाने जे बिघडते ते दुसऱ्याने सावरते; तेव्हा प्रश्न केवळ प्रमाणाधिक्याचा नसून दोघांमधील तोलाचा आहे, अशी त्यांची धारणा झाली.

हे घडते कसे, ते थोडक्यात सांगतो. ट्रिप्टोफॅनपासून नायासिन एका उडीत होत नाही. मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर एकेक एंझाइम राबत असते. विहिरीचे पाणी पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यावयाचे, तर वाटेत दुसरे दारे फुटता कामा नये. उंदरांच्या यकृतातील एंझाइमांवर हैदराबादेत जे काम झाले, त्यात असे दिसले की ल्यूसीन वाढले म्हणजे नायासिनाकडे नेणारी वाट अरुंद होते आणि ट्रिप्टोफॅनला भलतीकडे वळविणारे दारे रुंदावते. त्या वाटेवरील एका महत्त्वाच्या एंझाइमाला ब-६ जीवनसत्त्व लागते. कृष्णस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांना ब-६ दिल्यानेही ल्यूसीनचा दुष्परिणाम कमी होताना आढळला. म्हणजे ज्याच्या आहारात ब-६ चीही वानवा, त्याच्यावर संकट दुहेरी.

इतके सारे जुळून आल्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाही. आहाराच्या संशोधनात अमेरिकेत मोठे नाव मिळविलेले केनेथ कार्पेंटर यांच्या गटाने प्राण्यांवर हेच प्रयोग करून पाहिले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत ल्यूसीनचा तसा प्रभाव आढळला नव्हता. दुसऱ्या काही संशोधकांना तो दिसला, पण आहारात नायासिन मुळातच तुटपुंजे असेल तेव्हाच. शिवाय १९८० नंतरच्या अभ्यासांनी एक मूळचे गृहीतही डळमळीत केले. ज्वारीतील नायासिनही बऱ्याच अंशी मक्यातल्यासारखे बद्ध असते, म्हणून तक्त्यात दिसते तेवढे ते शरीराला लाभत नाही, असे त्यांत आढळले. तसे असेल तर ल्यूसीनला एवढा मोठा गुन्हेगार ठरविण्याचे कारण उरत नाही. तो फार तर साथीदार ठरेल.

माझ्या मते हैदराबादच्या वैद्यांचे मोठेपण या वादाने उणावत नाही. आहारशास्त्रात तोवर सगळा भर उणिवेवर होता. एखादे आवश्यक द्रव्यच दुसऱ्याच्या संगतीत अतिरेकाने घातक ठरू शकते, हा विचार त्यांनी जगाला गंभीरपणे तपासावयास लावला. आणि त्यासाठी कुठल्या दुर्मीळ रोगाच्या मागे न लागता, आपल्या दारात येणाऱ्या मजुराच्या हातापायांवरचे डाग त्यांनी निरखून पाहिले. गोपालन १९१८ मध्ये जन्मले आणि १९१९ नव्हे, २०१९ पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून, जगले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ते महासंचालक झाले, तरी गरिबाच्या ताटाचा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

मग भाकरी खाणाऱ्या सगळ्यांनाच पेलाग्रा का झाला नाही? श्रोत्यांपैकी ज्यांचे बालपण सोलापुराकडे किंवा मराठवाड्यात गेले असेल, त्यांच्या मनात हा प्रश्न केव्हाच उभा राहिला असेल. याचे उत्तर भाकरीच्या शेजारी काय होते, यात आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत दहा-बारा मिलिग्रॅम नायासिन असते. भाकरीवर पसाभर शेंगांची चटणी आणि तेल घेणारा शेतकरी नकळत आपली निम्मीअधिक गरज तेवढ्यात भागवतो. वरण, पिठले, मठाची उसळ, वाटीभर ताक, कधी मासळी वा मटण, यांपैकी काहीही नेमाने असेल तर ट्रिप्टोफॅनाची भर पडते आणि ल्यूसीनचे आधिक्यही सौम्य होते. ज्याच्या घरी पेव भरलेले, त्याच्या घरी भुईमूग आणि दुभतेही असे. रोग झाला तो त्याला, ज्याच्या भाकरीला कांदा आणि ठेचा यांखेरीज सोबती नव्हता. अमेरिकेत गोल्डबर्गर आणि त्यांचे अर्थशास्त्रज्ञ सहकारी सिडनस्ट्रिकर यांनी दक्षिण कॅरोलायनातील गिरणी-वसाहतींत घरोघर फिरून हेच पाहिले होते. कुटुंबाचे उत्पन्न जसजसे खाली, तसतसा पेलाग्रा वर.

रोग पुढे ओसरला, तो मात्र प्रयोगशाळेच्या शिफारशीमुळे नव्हे. कमी ल्यूसीनचे वाण निवडावेत, ही सूचना शास्त्रज्ञांनी केली होती. शेतकरी वाण निवडतो तो उतारा, कडबा आणि चव पाहून. दरम्यान ताटच बदलले. १९८३ मध्ये आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आली, आणि कोरडवाहू तेलंगणातील मजुराच्या घरी भात रोजचा झाला. १९७० च्या सुमारास देशात दीड कोटी हेक्टरांहून अधिक जमीन ज्वारीखाली होती. आज ती पन्नास लाखांच्याही खाली आली आहे. ज्या रुग्णालयांत पेलाग्राचे रुग्ण नित्य पाहावयास मिळत, तेथे ते विरळा झाले. धोरण भुकेसाठी आखले होते. त्यात हा रोगही गेला. त्याच भाताने पुढे मधुमेहाला किती हातभार लावला, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आणि आता २०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळल्यापासून ज्वारीला नवी झळाळी आली आहे. शहरांत ती अनेकदा गव्हाहून महाग विकली जाते. ज्याच्या ताटात भाजी, डाळ, दही सारे आहे त्याने भाकरी अवश्य खावी; त्याला ल्यूसीनची धास्ती बाळगण्याचे काहीच कारण नाही. उलट तिच्यातील तंतुमय भाग त्याला हितकारकच आहे. परंतु एखाद्या आश्रमशाळेत किंवा अंगणवाडीत स्वस्त पडते म्हणून नुसती ज्वारी वाढली आणि डाळ पातळ केली, तर तेथे हैदराबादचे जुने अहवाल काढून वाचावे लागतील.

पेलाग्रा अजून अगदीच गेलेला नाही. त्याचे रुग्ण आता बहुधा दोन वाटांनी येतात. एक, दारूच्या आहारी जाऊन जेवण सोडलेले. दुसरी वाट क्षयाच्या उपचाराची. त्यातील आयसोनायझिड हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, आणि रुग्ण आधीच कुपोषित असला तर ट्रिप्टोफॅनची तीच वाट पुन्हा अडते. म्हणून अशा रुग्णाला त्या औषधासोबत ब-६ च्या गोळ्या देण्याची रीत आहे. त्या बिनकामाच्या समजून टाकून देऊ नयेत. हातापायांवर सारखेच काळे डाग, लाल जीभ आणि उडालेली झोप ही तिन्ही एका माणसात दिसली, तर त्याला त्वचारोगाचे मलम किंवा भुताखेताचा उतारा यांत वेळ न दवडता सरकारी दवाखान्यात न्यावे. निकोटिनामाइडच्या गोळ्या अल्पमोलाच्या आहेत. त्या सुरू केल्यावर जीभ आणि मन थोड्याच दिवसांत ताळ्यावर येऊ लागते. कातडीला तेवढे काही आठवडे लागतात.